गोकुळाबाईंचा संघ

शाळा उघडायला आठ दिवस उरले, की गोकुळाबाई मैदानावर यायच्या. एकोणतीस वर्षं हा नेम चुकला नव्हता. मूल या तालुक्याच्या गावापुढे पाच-सहा कोसांवर पिपरबोडी; तिथल्या शाळेतले बाकीचे मास्तर आदल्या दिवशी एसटीतून उतरायचे, लग्नसराईची सुस्ती अंगावर घेऊन. खेळाच्या बाईंना तसं करून चालत नाही. दोन महिने मोकळं पडलेलं मैदान कुणाचंच नसतं. त्यावर ट्रॅक्टर वळतात, गुरं बसतात, लग्नाचे मांडव पडतात आणि मांडवाचे खिळे मातीत राहून जातात. मग जुलैत अनवाणी धावणाऱ्या पोरीच्या टाचेत नेमका तोच खिळा जातो. म्हणून बाई आणि शिपाई लटारू दोघं मिळून मैदान वेचायची. तांदूळ निवडावेत तसं, हातभर हातभर पुढे सरकत.

यंदा बाई फाटकातून आत आल्या, तर मैदान वेचून झालं होतं.

लटारू पायरीवर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. त्याच्याशेजारी एक घमेलं होतं.

"कोनं केलं हे?" बाईंनी विचारलं.

"नव्या मॅडमनं," लटारू म्हणाला. "दोरीले चुंबक बांधलं अन् मैदानभर ओढत फिरल्या. पाहा ना जी बाई, अर्धं घमेलं खिळे! एका तासात! आपन दोघं दोन-दोन दिवस वाकून राहत होतो."

"मंग तुले कोनं सांगितलं होतं वाकाले?"

"तुमीच त सांगत होत्या!"

बाईंनी घमेल्यात पाहिलं. गंजलेले, वाकडे, लहान-मोठे खिळे. एवढे खिळे या मातीत होते, म्हणजे आपण दर वर्षी किती मागे ठेवत होतो, हे त्यांच्या मनात आलं आणि त्यांना ते आवडलं नाही. त्या पदर खोचून मैदानात उतरल्या. अर्धा तास उन्हात फिरल्या. शेवटी पूर्वेच्या कोपऱ्यात त्यांना बांगडीच्या काचेचा एक हिरवा तुकडा सापडला. तो त्यांनी आणून घमेल्यातल्या खिळ्यांवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

"चुंबकाले काच सापडत नाई," त्या म्हणाल्या आणि हात झटकले.

नवी मॅडम म्हणजे भाग्यश्री. राजुऱ्याची, सव्वीस वर्षांची. वडील कोळसा खाणीत फिटर; चुंबक तिथल्याच भंगारातलं. गोकुळाबाई येत्या मार्चअखेर निवृत्त व्हायच्या होत्या, म्हणून संस्थेनं हिला वर्षभर आधी मानधनावर घेतलं होतं. बाईंच्या हाताखाली काम समजून घेईल, असं ठरलं होतं. ती सामानाच्या खोलीतून निळ्या ट्रॅकसूटमध्ये बाहेर आली, हात धुळीनं भरलेले. बाईंना पाहताच वाकून पाया पडली.

"बाई, मी भाग्यश्री. मले सगळ्यांनी तुमचंच नाव सांगितलं. तुम्ही सांगान तसं करीन मी."

यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. तरी बाईंना वाईट वाटलं. उद्धट असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं. उद्धट माणसाचा राग करायला कष्ट पडत नाहीत.

पुढचे चार दिवस असेच गेले. बाई जे करायला येत, ते झालेलं असे. चेंडूंत हवा भरलेली. दोरीवरच्या उड्यांच्या दोऱ्या धुऊन वाळत घातलेल्या. औषधपेटीतल्या जुन्या मलमांच्या जागी नवी मलमं, वर कागदावर तारखा लिहिलेल्या. कुंपणाच्या कडेचा तरोटाही कापलेला, आणि कोवळी पानं लटारूच्या बायकोला भाजीला पोचवलेली. लटारू तर दिवसातून तीनदा "मॅडम म्हणाल्या" म्हणत होता. बाई त्याच्या तोंडाकडे पाहत. हा माणूस एकोणतीस वर्षांत "बाई म्हणाल्या" असं किती वेळा म्हणाला असेल, ते त्यांना आठवेना.

पण या सगळ्याच्या पलीकडे एक गोष्ट होती, आणि ती अजून बाईंची होती. मुलींचा खो-खोचा संघ.

आज कुणाला खरं वाटणार नाही, पण बाई नव्या होत्या तेव्हा या गावात आठवीतली पोरगी धावताना दिसली, तर माणसं सायकल थांबवून पाहत. तलावाच्या पाळीखाली राहणारी गुणाबाई मासे विकून घरी यायची, तेव्हा बाई तिला वाटेत गाठायच्या. "पोरगी दे मले खेळाले." गुणाबाई टोपलं खाली ठेवून म्हणायची, "अन् पाय मोडला तं लगन कोन करन, तुमी?" बाईंनी अशा बारा घरी बारा संध्याकाळी घालवल्या. चहा प्यायल्या, लहान लेकरं मांडीवर घेतली, मासे साफ करू लागल्या. पहिल्या वर्षी नऊ पोरी मिळाल्या, नेमक्या नऊ. एकीला ताप आला तर दुसरी नव्हती. त्या नऊजणी मूलच्या मैदानावर घोट्यापर्यंतच्या स्कर्टमध्ये धावल्या आणि पहिल्याच सामन्यात हरल्या. येताना ट्रकच्या मागे बसून गाणी म्हणत आल्या. तेव्हापासून एकही वर्ष असं गेलं नाही, की पिपरबोडीचा संघ तालुक्याला गेला नाही. गुणाबाईची लेक त्या नऊजणींत होती; आता त्याच लेकीची मुलगी, उर्वशी, आठवीत होती.

संघ टिकला त्याचं एक कारण होतं, आणि ते कुठल्या कागदावर नव्हतं. हा सगळा धानाचा, म्हणजे भाताचा मुलूख. मृगात रोपांसाठी पऱ्हे टाकतात, आणि जुलैत तलावाला पाणी आलं की त्या रोपांची रोवणी सुरू होते. रोवणीला घरातला एकही हात मोकळा राहत नाही. सातवीच्या वरच्या पोरी सकाळी सातला बांधीत, भाताच्या खाचरात, उतरतात, त्या दिवस मावळताना बाहेर येतात. महिनाभर शाळा अर्धी रिकामी असते. आणि तालुक्याचे सामने त्यानंतर लगेच, ऑगस्टच्या शेवटी. म्हणून बाई सराव पहाटे साडेपाचला घ्यायच्या. पावणेसातपर्यंत खेळून पोरी मैदानावरूनच बांधीकडे जायच्या. त्यासाठी शाळा उघडायच्या आधीच घरोघरी जाऊन आयांशी बोलून ठेवावं लागे. कुणाची बांधी तलावाजवळ, म्हणजे रोवणी आधी; कुणाची शेवटाला, म्हणजे उशिरा; कोणती पोरगी कोणत्या आठवड्यात थकून येईल, हे सारं बाईंच्या डोक्यात असे. आणि दिवसभर चिखलात वाकून रोवणाऱ्या पोरींच्या कमरेत आणि मांड्यांत जे बळ येतं, ते कोणत्याही कवायतीनं येत नाही. चौकात बसलेली पिपरबोडीची पोरगी खो मिळताच उठायची ती स्प्रिंगसारखी. मूलचे मास्तर विचारायचे, "बाई, यांना खाऊ काय घालता?" बाई नुसत्या हसायच्या.

शाळा उघडण्याच्या तीन दिवस आधी मुख्याध्यापक गुणवंतरावांनी सगळ्यांना बोलावलं. वर्षाची कामं वाटली. शेवटी म्हणाले, "मुलींचा खो-खो यंदापासून भाग्यश्री मॅडमकडे. बाईंनी पुष्कळ केलं. आता बाई जरा बसून काम करतीन. आरोग्यपत्रकं आहेत, पाचवीची कवायत आहे. काय बाई, ठीक ना?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कुणासाठी होत्या, हे कुणालाच नीट कळलं नसावं. बाईंनीही दोनदा तळहात एकमेकांना लावले.

"ठीक आहे ना, सर," त्या म्हणाल्या.

दुपारी सामानाच्या खोलीत भाग्यश्री त्यांच्यासमोर येऊन बसली. तिच्या हातात मोठा पांढरा कागद होता. त्यावर जूनपासून मार्चपर्यंतचे महिने, प्रत्येक महिन्याला वेगळा रंग. पोरींची उंची, वजन, पळण्याचा वेळ, सगळ्याचे रकाने. एवढं देखणं नियोजन बाईंनी आयुष्यात केलं नव्हतं. त्यांच्या हस्ताक्षरात तो कागद कसा दिसला असता, हे त्यांनी क्षणभर डोळ्यांसमोर आणून पाहिलं आणि सोडून दिलं.

"बाई, मले एक सांगा," भाग्यश्री म्हणाली. "आमच्याकडे कापूस. पेरणी जूनमध्येच आटपते. जुलैत निंदन-डवरणी असते, ती मोठी माणसं करतेत, पोरी मोकळ्या असतेत. म्हणून मी सराव पंधरा जुलैपासून ठेवला. रोज चार वाजता. महिनाभर जोर लावला की ऑगस्टच्या सामन्याले पोरी तयार. बरोबर हाय ना?"

खोलीत उकडत होतं. छपरावर एक चिमणी चालत होती, तिच्या नखांचा आवाज पत्र्यावर येत होता.

राजुऱ्याची पोरगी. एकाच जिल्ह्यातली, पण धानाची बांधी तिनं एसटीच्या खिडकीतूनच पाहिलेली. तिनं शेतीचा विचार केला होता, हे बाईंना दिसत होतं. पुष्कळ मास्तर तेवढाही करत नाहीत. फक्त तो कापसाच्या शेतीचा होता. एक वाक्य पुरलं असतं.

पण बाईंच्या डोळ्यांसमोर वेगळंच आलं. पंधरा जुलै, चार वाजले आहेत, मैदान रिकामं आहे. गुणवंतराव ओसरीत येऊन उभे. "बाई, हे काही जमून नाही राह्यलं. तुम्हीच घ्या बरं संघ."

"बरोबर आहे," गोकुळाबाई म्हणाल्या.

भाग्यश्रीनं पंधरा जुलैच्या चौकोनात हिरवा रंग भरला.

शाळा उघडली. बावीस पोरींनी नावं दिली. इतकी नावं बाईंच्या वेळीही कधी आली नव्हती, आणि ती यादी फळ्यावर लागली तेव्हा बाई त्या वाटेनं दोन दिवस गेल्या नाहीत. भाग्यश्री पोरींना शिट्टीशिवाय, नुसत्या टाळीनं वळवायची. मधल्या सुट्टीत पोरी तिच्या मोबाईलवर मोठ्या स्पर्धांतले सामने पाहायच्या. खांबाजवळ सूर कसा मारायचा, हे ती स्वतः मातीत पडून दाखवायची. बाईंचा पंचेचाळिशीत गुडघा गेला, तेव्हापासून त्यांनी सूर तोंडानंच शिकवला होता. उर्वशी एकदा धावत त्यांच्या टेबलाशी आली, कोपर खरचटलेलं, चेहरा उजळलेला. "बाई, पाहा, मले सूर आला! मॅडमनं शिकवला!"

"माती धुऊन टाक," बाई म्हणाल्या. "पिकन नाई तं."

बारा जुलैला तलावाच्या सांडव्यावरून पाणी पडू लागलं. तेराला तलावाखालच्या बांध्यांत माणसं उतरली. पंधराला चार वाजता मैदानावर पाच पोरी होत्या, सोळाला दोन, सतराला कुणी नाही.

गोकुळाबाई ओसरीत आरोग्यपत्रकं घेऊन बसल्या होत्या. तिथून मैदान नीट दिसतं. मधोमध भाग्यश्री एकटी उभी होती, हातात पट्टी आणि वही. ती फाटकाकडे पाहत होती. मग तिनं कोपऱ्यातली फक्कीची रेघ पावसानं पुसली होती ती पुन्हा मारली. मग पुन्हा फाटकाकडे पाहिलं. बाईंच्या पोटात गार, गोड असं काहीतरी उतरलं. सव्वाचारपर्यंत ते गोड होतं. साडेचारला भाग्यश्री खाली बसली आणि एकटीच पायांचे व्यायाम करू लागली, जणू पोरी समोर आहेत. तेव्हा बाईंनी पत्रकांत मान घातली. उर्वशीचं वजन त्यांनी एकाच पानावर दोनदा लिहिलं.

असं आठ दिवस चाललं. चारची वेळ लागली म्हणजे पहाटेचा खेळ बंद झाला, असं पोरींनी धरून घेतलं होतं. नवव्या दिवशी गुणवंतरावांनी दोघींना बोलावलं. हा क्षण बाईंनी मनात इतक्यांदा पाहिला होता, की त्या नवं लुगडं नेसून आल्या होत्या.

"मॅडम," गुणवंतराव म्हणाले, "बावीस नावं अन् मैदानावर शून्य. रोवणी दर वर्षीच असते, तरी संघ उभा राहायचा. पोरींना आता खेळात गोडी राहिली नाही, मोबाईल झाला ना. तालुक्याला प्रवेशिका परवापर्यंत द्यायच्या आहेत. मला वाटते, यंदा मुलींचा संघ नको पाठवायला. पुढच्या वर्षी पाहू. मुलांचं व्हॉलीबॉल तेवढं घ्या."

"सर, मी घरी जाऊन पाहीन त्यांच्या—" भाग्यश्रीचा आवाज बारीक झाला होता.

"काही उपयोग नाही, मॅडम. तुमची चूक नाही. काळच तसा आहे. काय बाई?"

त्यांनी बाईंकडे पाहिलं. पण संघ देण्यासाठी नव्हे. होकारासाठी. बाईंच्या लक्षात आलं, की यांच्या डोक्यात तसं कधी आलंच नव्हतं. संघ परत त्यांच्याकडे येणार नव्हता. संघच जाणार होता. ट्रकच्या मागे गाणी म्हणत आलेल्या त्या नऊजणींपासूनचा, गुणाबाईच्या लेकीपासून नातीपर्यंतचा. आणि तो घालवला कुणी, तर बाईंनी.

"पोरी आहेत," गोकुळाबाई म्हणाल्या.

"कुठे आहेत?"

"रोवणीत आहेत. चार वाजता कशा येतील? पहाटे येतात त्या. साडेपाचला. मी दर वर्षी पहाटेच घेत होते."

गुणवंतराव शहरातून येऊन-जाऊन करायचे. पहाटेची शाळा त्यांनी कधी पाहिली नव्हती. ते गोंधळले. "मग हे आधी सांगायचं ना मॅडमला!"

"तिनं विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "मी खोटं सांगितलं."

लटारू चहा घेऊन आला होता, तो कप खाली न ठेवताच दारात थबकला. गुणवंतरावांनी चष्मा काढून पुसला. "बरं. मग प्रवेशिका देऊ," एवढंच म्हणाले.

बाहेर आल्यावर भाग्यश्री व्हरांड्याच्या खांबाशी थांबली.

"काऊन, बाई?"

बाईंना पुष्कळ सांगायचं होतं. टाळ्यांचं, खिळ्यांचं, सूर मारण्याचं. त्यातलं एकही उच्चारता येण्यासारखं नव्हतं. "माझा संघ होता तो," त्या म्हणाल्या.

"तुम्ही मले म्हटलं असतं तं मी सरायले सांगून बाजूले झाली असती. मी मागितला नव्हता." ती रडत नव्हती. तिचे डोळे कोरडे होते आणि तेच बाईंना सोसवेना. "मी तं तुमच्याजवळ शिकाले आली होती."

त्या संध्याकाळी भाग्यश्री घरोघरी गेली. बाई तिच्यामागे दोन पावलं चालत होत्या. कुणी बोलावलं नव्हतं, पण कोणत्या दारात कुत्रं आहे, कोणत्या घरी आधी आजीशी बोलावं लागतं, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. प्रत्येक अंगणात बाया चिखलाचे पाय धूत होत्या. त्या बाईंना पाहून म्हणत, "या जी बाई, बसा. यंदा काऊन नाई आल्या तुमी? आमाले वाटलं खेळ बंद झाला." आणि बाई दर वेळी म्हणत, "आता या मॅडम घेतात." अकरा घरी अकरा वेळा. शेवटच्या घरी म्हाताऱ्या गुणाबाईनं भाग्यश्रीला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "पोरगी बारीक आहे तुमची. पन डोळे चांगले हायेत." बाईंना हसू आलं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मैदानावर चौदा पोरी होत्या. तलावावरून वारा येत होता. पोरींनी रोवणीला नेसायच्या जुन्या साड्या गुंडाळून फाटकाजवळ ठेवल्या होत्या, शेजारी डबे. भाग्यश्री रेघा पाहत होती.

"पश्चिमेचा खांब वाकडा आहे," बाई कडेनं म्हणाल्या. "दोन बोटं. आत झुकला."

भाग्यश्रीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग खिशातून दोरी काढली, तिला गोटा बांधला, खांबाशी धरून ओळंबा पाहिला. खांब दोन बोटंच आत झुकलेला होता. तिनं लटारूला हाक मारून तो सरळ करून घेतला आणि मैदानाच्या मध्यावर गेली. गोकुळाबाईंच्या शब्दाला आता ओळंबा लागत होता. यावर रागावता येत नव्हतं.

पोरी चौकांत बसू लागल्या. उर्वशी मध्येच थांबली आणि सवयीनं कडेला उभ्या असलेल्या बाईंकडे वळली.

"बाई, मी कुठी बसू?"

आठव्या चौकात. खांबाशेजारी. हे बाईंना झोपेतही सांगता आलं असतं. हिची आई तिथेच बसायची, आणि हिचे पाय तसेच आहेत. उत्तर जिभेच्या टोकापर्यंत आलं.

"मॅडमले विचार," गोकुळाबाई म्हणाल्या.

भाग्यश्रीनं तिला तिसऱ्या चौकात बसवलं. चुकलं, बाईंनी मनात म्हटलं, साफ चुकलं, आणि त्यांना थोडं बरं वाटलं. मग खो पडला. उर्वशी तिसऱ्या चौकातून अशी उठली, की समोरची पोरगी वळायच्या आत तिच्या पाठीवर हात पडला होता. सगळ्या पोरी ओरडल्या. भाग्यश्रीनं दोन्ही हात वर केले.

उर्वशीची आई आठव्या चौकातून एवढ्या वेगानं कधीच उठली नव्हती. बाईंना ते बघवत नव्हतं. आणि पावणेसात वाजून पोरी साड्या उचलून बांधीकडे निघेपर्यंत त्यांनी नजर दुसरीकडे वळवलीही नाही.